स्नायू कुणाचं ऐकतात?

"डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय. एक सलाईन लावा ना, ताकदीचं."

हे वाक्य मी आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकतो. मागणाऱ्याचा त्रास खरा असतो. पाय जड झालेले असतात, जिना चढवत नाही, बादली उचलवत नाही. पण अर्धा लिटरच्या साखरेच्या सलाईनमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे. बाकी पाणी. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल तर सलाईनचा मोठा उपयोग आहे. पण मांडीचा स्नायू रोडावला असेल, तर त्या बाटलीतलं काहीही त्याला 'वाढ' असं सांगू शकत नाही.

मग स्नायूला 'वाढ' किंवा 'आटोपतं घे' असं कोण सांगतं? आजचा लेख त्याबद्दल आहे. विषय थोडा आतला आहे, जनुकांपर्यंत जाणारा. पण तो समजला, तर पुढच्या वेळी अशक्तपणा आल्यावर नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला कळेल.

पोथी एक, अध्याय अनेक

आपल्या प्रत्येक पेशीत साधारण २० हजार जनुकं असतात. डोळ्यातल्या पेशीत जी आहेत तीच पोटरीतल्या पेशीत. घरातल्या पोथीसारखं समजा. पोथी सगळी घरात असते, पण एका बैठकीला तिचा एखादाच अध्याय वाचला जातो. पेशीतही तसंच. जे जनुक वाचलं जातं, त्याच्यावरून प्रथिन तयार होतं. जे वाचलं जात नाही, ते नुसतं पडून राहतं. या वाचण्याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

आई-वडिलांकडून आलेली पोथी बदलत नाही. पण कोणता अध्याय उघडायचा, हे रोज बदलू शकतं. हाडांना जोडलेल्या स्नायूंत हा बदल फार मोठ्या प्रमाणावर होतो. निरोगी प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग हे स्नायू असतात. एवढा मोठा कारखाना चालू ठेवायला शरीराला खर्च येतो, म्हणून काम किती आहे हे पाहून शरीर तो सतत वाढवत-घटवत असतं. स्नायूला ही खबर मुख्यतः दोन वाटांनी मिळते. एक वाट मज्जातंतूची, म्हणजे बोलीत ज्याला आपण 'नस' म्हणतो त्याची. (रक्ताची नस वेगळी, इथे मेंदू आणि मणक्यातून निरोप आणणारी नस.) दुसरी वाट रक्तातून येणाऱ्या हार्मोन्सची.

नसेची लय

कोंबडी घरी शिजत असेल तर तुम्ही पाहिलं असेल: तंगडीचं मांस गडद असतं, छातीचं पांढरट. कोंबडी दिवसभर पायांवर उभी असते, चालत असते. तिथले स्नायूतंतू हळू आकुंचन पावतात, पण लवकर थकत नाहीत. त्यांच्यात प्राणवायू साठवणारं लाल रंगाचं मायोग्लोबिन भरपूर असतं. छातीचे स्नायू पंख फडफडवण्याचे. ते झटकन जोर लावतात आणि लवकर दमतात. माणसात अशी सरळ वाटणी नसते, दोन्ही प्रकारचे तंतू एकाच स्नायूत मिसळलेले असतात. तरी पोटरीच्या आतला, आपल्याला उभं ठेवणारा सोलियस नावाचा स्नायू बराचसा संथ प्रकारचा आहे.

आता प्रश्न असा, की स्नायू जन्मतःच संथ किंवा चपळ असतो, की त्याला तसं कोणी घडवतं?

१९६० साली बुलर, जॉन एकल्स आणि त्यांची मुलगी रोझामंड एकल्स यांनी मांजरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी संथ स्नायूची नस आणि चपळ स्नायूची नस कापून एकमेकांना उलट जोडली. काही आठवड्यांनी नसा नव्या घरी रुजल्यावर दिसलं, की संथ स्नायू चपळ होत चालला आहे आणि चपळ स्नायू संथ. स्नायू तोच, जनुकं तीच, फक्त नस बदलली.

नस नेमकं काय सांगते? काही रसायन सोडते, की तिच्या निरोपांच्या लयीतच अर्थ असतो? याचं उत्तर १९६९ साली सामन्स आणि व्हर्बोव्हा यांच्या कामातून मिळालं. त्यांनी सशाच्या चपळ स्नायूच्या नसेला सेकंदाला दहा या संथ गतीने, सतत, आठवडेच्या आठवडे विजेचे हलके झटके दिले. नस तिचीच होती, पण लय दुसऱ्याची दिली. तो स्नायूही संथ झाला. म्हणजे मोठा वाटा लयीचाच होता. संथ स्नायूची नस विलंबित लयीत, पण जवळजवळ अखंड ठोके देत असते. चपळ स्नायूची नस बराच वेळ गप्प असते आणि मग थोडा वेळ द्रुत लयीत कडाडते.

ही लय जनुकांपर्यंत पोहोचते ती कॅल्शियममार्फत. नसेचा प्रत्येक ठोका आला की स्नायूतंतूच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं, त्यानेच स्नायू आकुंचन पावतो. ठोके सतत येत राहिले, तर कॅल्शियम बराच वेळ थोडं वाढलेलं राहतं. त्याने कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम जागं होतं. ते दुसऱ्या एका प्रथिनाला पेशीच्या केंद्रकात जायची मोकळीक देतं, आणि तिथे जाऊन ते प्रथिन संथ, चिवट स्नायूची जनुकं उघडतं. सततच्या कामाने पीजीसी-१ अल्फा नावाचं आणखी एक प्रथिन वाढतं. त्याच्यामुळे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात.

वारीला जाणाऱ्या माणसाला पहिले दोन दिवस पाय बोलतात आणि पुढे तो सहज चालतो, यात सवय, मन, श्रद्धा सगळं असेल. पण रोज तासन्‌तास मिळणाऱ्या या लयीचाही त्यात वाटा असतो. एकदा भरपूर चाललात तर काही तासांतच स्नायूतली ही जनुकं जास्त वाचली जाऊ लागतात. पण ते वाचन दोनेक दिवसांत ओसरतं. पुन्हा पुन्हा झालं तरच त्यातून प्रथिनं साठत जातात. म्हणून रविवारी एकदम तीन तास आणि बाकी सहा दिवस काहीच नाही, असा व्यायाम स्नायूच्या लक्षात राहत नाही.

निरोप थांबला तर

नस तुटली की स्नायूला निरोप येणं बंद होतं. काच लागून मनगटाजवळची नस कापली जाते, किंवा कुष्ठरोगात कोपराजवळची नस खराब होते आणि हाताची बोटं वाकडी होतात. अशा वेळी स्नायू नुसता स्वस्थ बसत नाही. तो दोन गोष्टी करतो.

पहिली, स्वतःला मोडायला लागतो. २००१ साली ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही दोन जनुकं शास्त्रज्ञांच्या हाती लागली. नस तुटली, प्लास्टर घातलं किंवा शरीर उपाशी राहिलं, की ही जनुकं जोरात वाचली जातात. त्यांची प्रथिनं स्नायूतल्या इतर प्रथिनांवर जणू 'भंगारात काढा' अशी चिठ्ठी चिकटवतात.

दुसरी गोष्ट अशी, की स्नायू हरवलेल्या नसेला शोधू लागतो. नसेचा निरोप टिपणारे ग्राहक एरवी फक्त नस जिथे टेकते तिथेच दाटलेले असतात. नस गेल्यावर ते तंतूच्या सगळ्या अंगावर पसरतात, आणि त्यात गर्भावस्थेतल्या प्रकारचे ग्राहकही पुन्हा तयार होऊ लागतात. पोथीतला लहानपणीचा अध्याय परत उघडतो. याचा एक व्यावहारिक परिणाम भूलतज्ज्ञाला माहीत असावाच लागतो. अशा रुग्णाला सक्सिनिलकोलीन नावाचं औषध दिलं, तर या पसरलेल्या ग्राहकांमधून एकदम पोटॅशियम रक्तात ओतलं जाऊन हृदय थांबू शकतं. मोठं भाजणं, मणक्याला मार, पक्षाघात, दीर्घकाळ अंथरुण, यातही हा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ मागच्या आजारांची चौकशी करतात तेव्हा "ते जुनं आहे हो" म्हणून सोडून देऊ नका.

नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. स्नायू मात्र अनंत काळ वाट पाहत नाही. वर्ष-दीड वर्ष उलटलं तर नस पोहोचूनही फारसा उपयोग होत नाही. हात कापला आणि बोटं बधिर झाली किंवा हलेनात, तर वरची जखम शिवून समाधान मानू नका. नस तपासून घ्या, त्याच आठवड्यात.

पोलिओत निसर्गानेच एक वेगळा प्रयोग केला. मणक्यातल्या काही चेतापेशी मेल्या आणि त्यांचे स्नायूतंतू पोरके झाले. शेजारच्या जिवंत पेशींनी नव्या फांद्या फोडून त्यातले कितीतरी तंतू दत्तक घेतले. आणि दत्तक गेलेल्या तंतूंनी नव्या घरची रीत उचलली: संथ नसेने घेतलेले संथ झाले, चपळ नसेने घेतलेले चपळ. सूक्ष्मदर्शकाखाली असे एकाच जातीचे पुंजके दिसतात.

रक्तातून येणारे हुकूम

आता दुसरी वाट. हार्मोन्स सगळ्या शरीराला एकाच वेळी पोहोचतात, गावात दवंडी पिटावी तशी.

*थायरॉईड.* या हार्मोनचा ग्राहक केंद्रकात, थेट जनुकांवरच बसलेला असतो. हार्मोन त्याला येऊन चिकटलं की चपळ प्रथिनांची जनुकं आणि कॅल्शियम परत साठ्यात ओढणाऱ्या पंपाची जनुकं वाचली जातात. थायरॉईड कमी पडलं तर हे पंप कमी बनतात, कॅल्शियम परत जायला वेळ लागतो आणि स्नायू सैल व्हायला उशीर होतो. तुम्ही आमच्याकडे आलात की आम्ही घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारतो. थायरॉईड बरंच कमी असलेल्या माणसाचा पाय नेहमीसारखा हलतो, पण परत येताना आळसावल्यासारखा हळूहळू येतो. जनुकाचं वाचन मंदावलं आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसणारी अशी जागा वैद्यकात विरळाच. थायरॉईड फार वाढलं तरीही स्नायू झिजतात, विशेषतः खांदे आणि मांड्या.

*कॉर्टिसॉल आणि स्टेरॉइड.* कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळचं हार्मोन. संकटात स्नायूतली प्रथिनं मोडून त्यांची साखर करायची, हा त्याचा हुकूम. मगाशी सांगितलेलं मर्फ-१ हे जनुक तेही उघडतं. दमा, संधिवात अशा आजारांत आम्ही देतो ती स्टेरॉइडची औषधं याच कुळातली. योग्य मात्रेत, योग्य मुदतीत ती जीव वाचवतात. पण गुडघेदुखीवर कुठून तरी आणलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या महिनोन्‌महिने घेणारी माणसं मी पाहतो. चेहरा गोल, पोट सुटलेलं, हातपाय काटकुळे, आणि तक्रार एकच: "दुखणं गेलं, पण खाली बसलं की उठता येत नाही." पुडीत काय आहे हे लिहिलेलं नसतं, पण त्यांच्या मांड्या सांगतात.

इथे एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. असं काही घेत असाल, तर आजच्या आज स्वतःहून बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं, आणि एकदम बंद केल्याने जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे या. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

*इन्सुलिन.* आपण इन्सुलिनला फक्त साखरेपुरतं ओळखतो. पण ते स्नायूतल्या भंगारात काढणाऱ्या जनुकांना दाबूनही ठेवतं. इन्सुलिन कमी पडतं किंवा पेशी त्याचं ऐकत नाहीत, तेव्हा हा लगाम सुटतो. साखर खूप वाढलेल्या माणसाच्या मांड्या का सुकतात, याचं एक कारण हे. उलट बाजूने, काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर आत ओढतो, आणि नियमित व्यायामाने साखर आत घेणाऱ्या दारांचं, ग्लुट-४ या प्रथिनाचं, जनुक जास्त वाचलं जातं. हा फायदा एक-दोन दिवस टिकतो. म्हणून मधुमेह्यांना आम्ही सांगतो, की व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको.

*टेस्टोस्टेरॉन.* वयात येणाऱ्या मुलाचे खांदे भरतात ते याच्या हुकमाने. जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून याची इंजेक्शनं घेणाऱ्या तरुणांनी एवढं ऐकावं: बाहेरून मिळालं की आतलं बंद पडतं. वृषण आकसतात, शुक्रजंतू कमी होतात. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या तरुणाच्या दंडांकडे पाहून कधीकधी मला आधीच प्रश्न पडलेला असतो.

दोन्ही वाटा एकदम बिघडल्या तर

अतिदक्षता विभागात दोन-तीन आठवडे काढलेला माणूस घरी येतो आणि त्याला मानही धरवत नाही, हे कोविडच्या काळात अनेक घरांनी पाहिलं. हालचाल बंद, म्हणजे नसेची लय गेली. गंभीर आजार आणि बरेचदा स्टेरॉइड, म्हणजे रक्तातून मोडतोडीचा हुकूम. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, की नस कापणं आणि मोठ्या मात्रेतलं स्टेरॉइड हे दोन्ही एकत्र आले, तर स्नायूतलं मायोसिन हे मुख्य प्रथिनच मोठ्या प्रमाणात नाहीसं होतं.

यासाठी अतिदक्षता विभागच हवा असं नाही. माझ्या आईला ७४व्या वर्षी न्यूमोनिया झाला. ताप उतरला, प्राणवायू नीट झाला. पण घरी सगळे तिला उठू देईनात. पाणी पलंगावर, जेवण पलंगावर. मी तिला खुर्चीत बसवायला गेलो की आत्या म्हणायची, "अरे, जरा माया आहे की नाही? पडू दे तिला." आत्याची माया खरी होती. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठ मंडळींना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं, आणि तेवढ्यात त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो स्नायूवजन गेलं. ती तर निरोगी माणसं होती. मी आत्याला हा आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच आईला हाताला धरून ओट्यापर्यंत नेलं आणि लसूण सोलायला बसवलं. त्या महिन्यात आईला उभं करण्यात माझ्या औषधांइतकाच त्या लसणाचा हात आहे.

मग तुम्ही काय करायचं?

अशक्तपणा वाटला, तर आधी स्वतःला विचारा. नसेची लय कमी झाली आहे का? आजारपण, प्लास्टर, की नुसतंच बसून काढलेले महिने? हार्मोनचं काही आहे का? थायरॉईड, साखर, 'ड' जीवनसत्त्व (तेही शरीरात हार्मोनसारखंच काम करतं), लपलेलं स्टेरॉइड? आणि बांधकामाला माल आहे का? डाळी, उसळी, दूध-दही, अंडी, मासे यांतलं प्रथिन दोन्ही जेवणांत हवं. वाचायला अध्याय उघडला आणि वीटच नसेल, तर भिंत उभी राहत नाही. या उत्तरांवरून तपासण्या ठरतात. त्या सलाईनपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

काही लक्षणांत मात्र विचार करत बसू नका, लगेच रुग्णालयात जा: एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, दोन्ही पायांची शक्ती दिवसागणिक कमी होऊन अशक्तपणा वर सरकणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास. संध्याकाळ होता होता पापण्या जड होऊन खाली येत असतील, तर तेही लवकर दाखवून घ्या.

आणि एक साधी चाचणी आज घरीच करा. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा. कुणीतरी घड्याळ पाहावं. घरातली वयस्क माणसं करत असतील, तर शेजारी उभं राहा. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हात टेकावेच लागले, तर तो आकडा कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरला दाखवा. आणि दुखत-खुपत नसेल तर तीच उठबस रोज सकाळ-संध्याकाळ थोडी थोडी करत राहा. स्नायूला समजणारी भाषा तीच आहे.